मॉडेलमध्ये टेस्ट केसेस ठेवायच्या कुठे आणि जोडायच्या कशा

टीममध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हे एकदा तोंडी सांगतो आणि दर वेळी अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून म्हटलं एकदा बसून लिहूनच काढावं. विषय असा की तुमच्याकडे यूएमएल किंवा सिसएमएलमध्ये (सिस्टिम चित्रांनी मांडायच्या या दोन भाषा) काढलेलं सिस्टिमचं मॉडेल आहे आणि लीड म्हणालाय की आता टेस्ट स्पेसिफिकेशन पण त्यातच आणा. तुम्ही टूल उघडता, डावीकडे मॉडेलमधल्या सगळ्या गोष्टींचं ते झाड दिसतं, राईट क्लिक करून 'टेस्ट' नावाचं एक पॅकेज करता आणि एक्सेलमधल्या ओळी एकेक करून त्यात ओतायला लागता. इथेच थांबा. एक्सेल जशीच्या तशी मॉडेलमध्ये उतरवली तर काडीचा फायदा नाही, उलट एक्सेलमध्ये फिल्टर तरी लावता येतो.

उदाहरण म्हणून आपल्या सगळ्यांच्या ओळखीची गोष्ट घेऊ, सोसायटीतला पाण्याच्या मोटरचा ऑटोमॅटिक कंट्रोलर. खाली जमिनीतली टाकी, वर गच्चीवरची टाकी, मधे मोटर. रिक्वायरमेंट्स पाचच धरू. टाकी-१: वरच्या टाकीतलं पाणी २० टक्क्यांच्या खाली गेलं की मोटर चालू. टाकी-२: ९५ टक्के झालं की बंद. टाकी-३: खालच्या टाकीत १० टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर मोटर चालू होऊ नये आणि चालू असेल तर ५ सेकंदांत बंद व्हावी, नाहीतर कोरडी फिरून जळते. टाकी-४: लाईट जाऊन परत आली तर ३० सेकंद थांबून मगच मोटर चालू करायचा विचार. टाकी-५: सेन्सरची वायर तुटली तर मोटर बंद आणि लाल दिवा. (टूलमध्ये आम्ही नावं इंग्रजीतच देतो, इथे मराठीत देतोय म्हणजे वाचताना अडखळायला नको.)

थोडी पार्श्वभूमी, पटकन. यूएमएल ही भाषा ओएमजी या संस्थेने १९९७ मध्ये स्टँडर्ड म्हणून स्वीकारली पण टेस्टसाठी त्यात वेगळं असं काही नव्हतं. मग २००५ मध्ये यूएमएल टेस्टिंग प्रोफाइल आलं, त्यालाच यूटीपी म्हणतात, आणि त्यातल्या बऱ्याच कल्पना टेलिकॉमवाल्यांच्या टीटीसीएन-३ (टेस्ट लिहायची भाषा) आणि जावावाल्यांच्या जेयुनिट (युनिट टेस्टचं टूल) यांच्याकडून आलेल्या आहेत. प्रोफाइल म्हणजे काही गूढ नाही, यूएमएलच्या साध्या क्लासवर, ऑपरेशनवर चिकटवायची लेबलं, त्यांना स्टीरिओटाइप म्हणतात. सिसएमएल २००७ मध्ये आलं, त्यात रिक्वायरमेंट हा स्वतंत्र प्रकार आहे आणि 'टेस्ट केस' आणि 'व्हेरिफाय' एवढं टेस्टसाठी आहे. फक्त कुठली टेस्ट कुठली रिक्वायरमेंट तपासते एवढंच दाखवायचं असेल तर सिसएमएल पुरतं, टेस्टची मांडणी, खोटे सेन्सर, डेटा हे सगळं दाखवायचं असेल तर यूटीपी जोडून घ्या. टूल कुठलंही चालेल, शिकायला पपायरस घ्या, फुकट आहे आणि एक्लिप्सवर चालतं.

पहिली पायरी, पॅकेजेस

सगळ्यात वर तीनच पॅकेजेस करा: रिक्वायरमेंट्स, डिझाइन, टेस्ट. आता नियम एकच पण तो पाळायला कठीण: टेस्टला डिझाइन माहीत असतं, डिझाइनला टेस्ट माहीत नसते. म्हणजे टेस्ट पॅकेज डिझाइन पॅकेजला इम्पोर्ट करणार, उलटं कधीच नाही. डिझाइनच्या ब्लॉकमध्ये (सिसएमएलमध्ये क्लासला ब्लॉक म्हणतात) 'टेस्टमोड' नावाचं ॲट्रिब्यूट घुसलेलं दिसलं, किंवा डिझाइनमधून टेस्टमधल्या खोट्या सेन्सरकडे बाण गेलेला दिसला, की समजा कोणीतरी शॉर्टकट मारलाय. याची परीक्षा सोपी आहे, मॉडेलची एक कॉपी घ्या आणि टेस्टचं अख्खं पॅकेज उडवा, डिझाइनमध्ये एक जरी एरर आली तरी चुकलंय.

टेस्ट पॅकेजच्या आत काय? इथे मी स्वतः एकदा सणसणीत आपटलोय. एका जुन्या नोकरीत मी आत रिलीजप्रमाणे पॅकेजेस केली होती, रिलीज एक, रिलीज दोन, रिलीज तीन, आणि दर रिलीजला मागचं पॅकेज कॉपी करून पुढे न्यायचं. दिसायला काय नीटनेटकं दिसायचं! तिसऱ्या रिलीजला एका टायमरची किंमत बदलली, आम्ही ती तिसऱ्या पॅकेजमध्ये बदलली, आणि टेस्ट चालवणाऱ्या पोराने झाडात सर्च मारून जी पहिली सापडली ती उघडली, ती होती पहिल्या रिलीजची. दोन दिवस सगळे कोडमध्ये बग शोधत होते. तेव्हापासून मॉडेलमध्ये तारीख, रिलीज, माणसाचं नाव यावरून पॅकेज करायचं नाही असं ठरवलंय, जुनं व्हर्जन पाहिजे तर त्यासाठी गिट आहे ना.

आतली पॅकेजेस वागणुकीवरून करा. आपल्या उदाहरणात 'पातळी', 'कोरडी मोटर', 'वीज', 'सेन्सर बिघाड' अशी चार, आणि त्यांच्या शेजारी 'मांडणी' आणि 'डेटा' अशी दोन सामाईक. युनिट टेस्ट, इंटिग्रेशन टेस्ट असे थर पण असतील तर थर वर घ्या आणि वागणूक त्याच्या आत, कारण थर बदलला की मांडणीच बदलते.

आता खरी गोची. लाईट परत आली आणि नेमकी तेव्हाच खालची टाकी रिकामी असली तर? ही टेस्ट 'वीज' मध्ये जाणार की 'कोरडी मोटर' मध्ये? नवीन माणूस इथे दोन्हीकडे एकेक कॉपी ठेवतो. नका ठेवू. यूएमएलमध्ये कुठल्याही एलिमेंटला मालक एकच असतो, म्हणजे झाडातली जागा हा त्या टेस्टचा पत्ता झाला, आणि पत्ता एकच असणार. नाती मात्र हवी तेवढी असू शकतात. ही टेस्ट 'वीज' मध्ये राहू दे आणि तिचे व्हेरिफायचे दोन बाण काढा, एक टाकी-४ कडे, एक टाकी-३ कडे. नवखे लोक जे काही दाखवायचं ते झाडातच दाखवायला जातात आणि मग झाड सात-सात लेव्हल खोल होतं, तीन लेव्हलच्या खाली जायची वेळ आली की मी समजतो की इथे नातं काढायला हवं होतं आणि आपण फोल्डर केलाय.

दुसरी पायरी, मांडणी

टेस्ट केस लिहिण्याआधी ती कशावर चालणार हे काढा. यूटीपीत याला टेस्ट कॉन्टेक्स्ट म्हणतात, एक क्लास घ्यायचा, त्याला ते लेबल लावायचं, आणि त्याच्या आत पार्ट, म्हणजे त्या मांडणीत भाग घेणारे घटक, टाकायचे. एक पार्ट म्हणजे आपला खरा कंट्रोलर, ज्याची परीक्षा घ्यायचीय तो, त्याला एसयूटी (सिस्टिम अंडर टेस्ट) लेबल. बाकीचे पार्ट म्हणजे नकली मंडळी: खोटा वरचा सेन्सर, खोटा खालचा सेन्सर, खोटी लाईट आणि मोटरच्या जागी एक साक्षीदार जो फक्त चालू-बंद कधी झालं ते टिपून ठेवतो. या नकली मंडळींचे क्लास टेस्ट पॅकेजमध्येच राहतात आणि त्यांना टेस्ट कॉम्पोनंट हे लेबल.

हमखास अडकायची जागा सांगतो. एसयूटी हे लेबल क्लासला लागत नाही, पार्टला लागतं. डिझाइनमधला कंट्रोलर क्लास निवडून तुम्ही स्टीरिओटाइपची यादी उघडाल आणि त्यात एसयूटी दिसणारच नाही, मग वाटतं प्रोफाइल नीट लागलं नाही, काढून परत लावतात, टूल रिइन्स्टॉल करतात. प्रोफाइल ठीकच असतं. कंट्रोलर हा क्लास स्वतः कधीच 'परीक्षार्थी' नसतो, या मांडणीत तो परीक्षार्थी आहे, दुसऱ्या मांडणीत (समजा वायफाय ॲपची टेस्ट असेल) तोच कोणाचा तरी मदतनीस असेल. म्हणून लेबल त्या भूमिकेला. हे एकदा डोक्यात बसलं की डिझाइनला हात न लावता टेस्ट कशी लिहायची हे आपोआप कळतं. यूटीपी २ मध्ये नावं बदललीत, तिथे टेस्ट आयटम वगैरे शब्द आहेत, कल्पना तीच.

मग पार्ट एकमेकांना पोर्टमधून, म्हणजे घटकाच्या बाहेरच्या जोडणीच्या जागेतून, जोडा, आणि फक्त पोर्टमधूनच. कंट्रोलरच्या पोटातलं व्हेरिएबल टेस्टमध्ये वाचायचा मोह होतो, ते करू नका, टेस्टला बाहेरून जे दिसतं तेवढंच.

तिसरी पायरी, टेस्ट केस

टेस्ट केस म्हणजे त्या कॉन्टेक्स्ट क्लासचं एक ऑपरेशन, किंवा एक बिहेव्हियर, त्याला टेस्ट केस लेबल आणि रिटर्न टाइप व्हर्डिक्ट, म्हणजे निकाल. सिसएमएलमध्ये व्हर्डिक्टच्या चार किंमती आहेत, पास, फेल, इन्कन्क्लुझिव आणि एरर, यूटीपीत शिवाय 'नन' आहे, म्हणजे अजून काही ठरलंच नाही. बहुतेक लोक पास आणि फेल सोडून बाकीच्यांकडे बघत नाहीत आणि मग मीटिंगमध्ये भांडणं होतात. मोटर ५ सेकंदांत बंद झाली नाही, फेल. खोटा सेन्सरच क्रॅश झाला, एरर, यात कंट्रोलरचा काही दोष नाही. टेस्ट मधेच असताना खरोखरचीच लाईट गेली, इन्कन्क्लुझिव. आणि निकाल फक्त खालीच जाऊ शकतो, एकदा फेल झालं की पुढच्या स्टेपने त्याचं पास करता येत नाही, हा नियम फार बरा आहे.

आत काय घडतं ते सीक्वेन्स डायग्रामने दाखवा, म्हणजे कोण कोणाला कुठल्या क्रमाने मेसेज पाठवतो त्याचं चित्र. कोरड्या मोटरची टेस्ट घेऊ. चार लाइफलाइन (प्रत्येक भागीदाराची एक उभी रेघ): खोटा वरचा सेन्सर, खोटा खालचा सेन्सर, कंट्रोलर, साक्षीदार. सुरुवातीला खालचा सेन्सर ५० सांगतो, वरचा १५ सांगतो, कंट्रोलर साक्षीदाराला 'चालू' पाठवतो. मग खालचा सेन्सर ९ सांगतो. त्या मेसेजपासून पुढच्या 'बंद' मेसेजपर्यंत ड्युरेशन कन्स्ट्रेंट, म्हणजे वेळेची मर्यादा, शून्य ते ५ सेकंद. संपलं. यातला पहिला भाग, मोटर चालू अवस्थेत आणायचा, तो पाच-सहा टेस्टमध्ये लागतो म्हणून तो वेगळा इंटरॅक्शन (स्वतंत्र सीक्वेन्स) करून 'मांडणी' पॅकेजमध्ये ठेवा आणि इथे फक्त रेफ, म्हणजे त्याचा संदर्भ, लावा. कॉपी नको, रेफ.

एका टेस्टच्या डायग्राममध्ये आल्ट फ्रॅगमेंट दिसला, म्हणजे 'असं झालं तर हे नाहीतर ते', की मला लगेच शंका येते. तुम्हीच सगळे इनपुट देताय तर पुढे काय होणार हे तुम्हाला माहीत असायला नको का? बहुतेक वेळा त्या दोन टेस्ट असतात, फोडा. ज्या सिस्टिमचं उत्तर दोन प्रकारे येऊ शकतं तिथे आल्ट ठीक आहे, पण आपली मोटर तशी नाही.

चौथी पायरी, डेटा

आकडे डायग्राममध्ये लिहू नका. वर मी ५०, १५, ९ लिहिले ते समजायला, प्रत्यक्षात 'डेटा' पॅकेजमध्ये इन्स्टन्स स्पेसिफिकेशन, म्हणजे नाव दिलेल्या ठरावीक किंमती, करा, 'खाली_पुरेसं', 'वर_कमी', 'खाली_कमी', आणि डायग्राममध्ये ती नावं वापरा.

आकडे निवडायचे ते सीमेवरचे. वरच्या टाकीसाठी १९, २०, २१ आणि ९४, ९५, ९६. आता टाकी-१ परत वाचा, '२० टक्क्यांच्या खाली गेलं की'. बरोबर २० ला काय? खाली नाही, म्हणजे चालू होऊ नये. आणि टाकी-२ म्हणते '९५ टक्के झालं की', म्हणजे बरोबर ९५ ला बंद. एकीकडे सीमा आत, एकीकडे बाहेर, लिहिणाऱ्याने हे मुद्दाम केलंय का? मला जवळपास खात्री आहे की नाही, पण ठरवणारे आपण नाही, जाऊन विचारा. डेटाचं पॅकेज नीट केलं की असे प्रश्न आठवडाभरात पाच-सहा तरी निघतात आणि माझ्या मते टेस्ट मॉडेलमध्ये आणायची निम्मी कमाई इथेच वसूल होते.

अजून एक, ५० टक्क्यांना मोटर चालू असते की बंद? उत्तर: आधी काय होतं त्यावर. पाणी चढताना चालू, उतरताना बंद. म्हणून नुसता आकडा पुरत नाही, त्या टेस्टला सुरुवातीची अवस्था लागतेच, आणि '५०' साठी दोन टेस्ट होतात. एक्सेलमध्ये ही ओळ एकच असायची आणि कधी पास कधी फेल व्हायची, सगळे म्हणायचे टेस्ट फ्लेकी आहे.

पाचवी पायरी, बाण

व्हेरिफायचा बाण टेस्ट केसकडून निघतो आणि रिक्वायरमेंटवर जाऊन टेकतो. नवीन लोक दहातले आठ वेळा उलटा काढतात कारण डोक्यात 'रिक्वायरमेंटवरून टेस्ट निघाली' असं असतं. लक्षात ठेवायचं तर कोण कोणावर अवलंबून आहे ते बघा, रिक्वायरमेंट बदलली तर टेस्ट बदलते, म्हणून टेस्ट अवलंबून, बाण तिच्याकडून. डिझाइनचा ब्लॉक रिक्वायरमेंट पूर्ण करतो त्याला सॅटिस्फाय म्हणतात, तो बाण पण ब्लॉककडून रिक्वायरमेंटकडे. दोन्ही वेगळे आहेत, टेस्टला सॅटिस्फाय लावून ठेवलेली मॉडेल्स मी पाहिलीत, रिपोर्टमध्ये सगळं हिरवं आणि अर्थ शून्य.

बाण काढून झाले की मॅट्रिक्स काढा, जवळपास प्रत्येक टूलमध्ये असते, पपायरसमध्ये टेबल असतात. ओळीत रिक्वायरमेंट्स, रकान्यात टेस्ट केसेस. ओळ रिकामी म्हणजे टेस्ट नाही. रकाना रिकामा म्हणजे ही टेस्ट कशासाठी चाललीय कोणालाच ठाऊक नाही. पुण्यात ऑटोमोटिव्हमध्ये असाल तर हे तुम्हाला तसंही चुकणार नाही, आयएसओ २६२६२ (गाड्यांच्या सुरक्षेचं स्टँडर्ड) असो नाहीतर ए-स्पाइस (सॉफ्टवेअर बनवायच्या प्रक्रियेचं), ऑडिटर पहिल्यांदा हेच दोन्ही दिशांनी मागतो. फक्त मॅट्रिक्स भरली म्हणून फार खूश होऊ नका, टाकी-१ समोर एक बाण आहे आणि तो बाण ५० टक्क्यांच्या टेस्टचा आहे तर ती ओळ भरलेली दिसते पण सीमा कोणी तपासलेलीच नाही.

रोजचं जगणं

डायग्राममधून डिलीट आणि मॉडेलमधून डिलीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डायग्रामवर एखादी टेस्ट नको म्हणून चुकीचं डिलीट मारलं की ती झाडातून जाते आणि तिचे सगळे बाण पण घेऊन जाते, ते लगेच लक्षातही येत नाही. उलट, डायग्रामवरून पुसलं आणि वाटलं गेली, तर ती झाडात भूत होऊन राहते आणि रिपोर्टमध्ये उगवते. पहिल्या आठवड्यात दर डिलीटनंतर डावीकडच्या झाडाकडे बघायची सवय लावा.

पपायरस एका मॉडेलच्या तीन फाईली करतं, डीआय, नोटेशन आणि यूएमएल. तिन्ही एकदम कमिट करा, एक राहिली की दुसऱ्याकडे डायग्राम अर्धवट उघडतो. आणि या फाईली आत एक्सएमएल असल्या तरी गिटने त्यांचं मर्ज करणं म्हणजे डोक्याला ताप, म्हणून एका वेळी एका पॅकेजला एकच माणूस असं ठरवून घ्या, मॉडेल मोठं असेल तर पॅकेजेस वेगळ्या फाईलींमध्ये फोडा. ओएमजीने २०२५ मध्ये सिसएमएलची दुसरी आवृत्ती मंजूर केली, त्यात सगळं मॉडेल टेक्स्टमध्ये पण लिहिता येतं आणि टेस्टसाठी 'व्हेरिफिकेशन केस' हा प्रकारच आहे, विषय कोण आणि कुठली रिक्वायरमेंट तपासायची हे त्याच्या आतच लिहायचं, त्यामुळे गिटचं दुखणं बरंच कमी होईल. पण तुमच्या कंपनीत अजून जुनंच असेल तर तेच नीट शिका, वरचं काही वाया जात नाही.

टेस्ट रोज चालवल्यावरचे निकाल मॉडेलमध्ये ठेवू नका, त्याला वेगळं टूल असतं. मॉडेलमध्ये स्पेसिफिकेशन, बाहेर निकाल, दोघांना जोडणारा टेस्टचा आयडी. हा आयडी एकदा दिला की बदलायचा नाही, टेस्ट दुसऱ्या पॅकेजमध्ये हलवली तरीही नाही, म्हणून आयडीमध्ये पॅकेजचं नाव घालू नका.

सगळं लावून झालं की एक तालीम करा. समजा सोसायटीने सांगितलं, टाकी-४ मधले ३० सेकंद आता ६० करा. टाकी-४ वर उभं राहून तिच्यावर येणारे बाण बघा. आपल्याकडे तीन निघतात: 'लाईट आल्यावर मोटर थांबते', 'लाईट आली पण खालची टाकी रिकामी', आणि 'तीस सेकंदांच्या आत परत लाईट जाते'. डेटामधल्या 'थांबायचा_वेळ' या इन्स्टन्समध्ये ३० चे ६० केले की पहिल्या दोन आपोआप नीट झाल्या. तिसरीच्या नावातच तीस आहे, ते आता खोटं, म्हणून नावात आकडा घालायचा नाही हे तेव्हा कळतं, तिचं नाव 'थांबा चालू असताना परत लाईट जाते' करा. आणि तिच्यात लाईट २९ व्या सेकंदाला जात होती, ती टेस्ट अजूनही पास होईल, पण सीमा सरकून ५९ वर गेलीय, तो आकडा हाताने बदलावा लागेल. किंवा त्याचाही एक इन्स्टन्स करून टाका, 'थांबायचा_वेळ वजा एक'.